डावीकडची सीट

थंडी सरता सरता गाडीवाला पडला, आणि त्या उन्हाळ्यात खिंडीअलीकडच्या वाड्यांना कळलं की दूध पोचवणं हेही एक काम असतं, ते आपोआप होत नाही.

तोवर त्याचा कुणी विचारच केला नव्हता. झुंजुमुंजू झालं की वाडीच्या तोंडाशी हॉर्न वाजायचा, बायामाणसं कॅन घेऊन रस्त्यावर यायची, गाडीवाला उतरायचा, माप घ्यायचा, जाता जाता एखादी थट्टा करायचा आणि पुढच्या वाडीला लागायचा. एकेक वाडी घेत गाडी चढायची, सगळ्यात उंचावरच्या वाडीचं दूध भरून खिंड ओलांडायची आणि ऊन तापायच्या आत पलीकडच्या गावात, दूध थंड करण्याच्या केंद्रावर, रिकामी व्हायची. गाडी त्याची स्वतःची होती. छोटीच, निळी, मागच्या फाळक्याची कडी तुटली म्हणून तो दोरीने बांधलेला. माणसाला खरं नाव होतं, पण ते आईखेरीज कुणी घेत नसे, आणि आईसुद्धा रागावली तरच.

तो पडला तेही केंद्राच्या आवारात. गाडी लावली, चावी काढली, खाली उतरून फाळक्याच्या दोरीला हात घातला आणि रिकाम्या पोत्यासारखा जागच्या जागी खाली बसला. केंद्राचा पहारेकरी वयाने म्हातारा, पण डोकं ठिकाणावर असलेला. पूर्वी कुठेतरी शिकवलेलं त्याला ऐन वेळी आठवलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तो गाडीवाल्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत राहिला. बरगड्या मोडल्या, पण माणूस राहिला.

मोठ्या दवाखान्यात त्याच्या डाव्या खांद्याखाली, गळ्याच्या हाडालगत, कातडीच्या आत एक यंत्र बसवलं. वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीएवढं. वरून हात फिरवला की त्याची कड लागायची. डॉक्टरीण बाई तोंडाने फटकळ पण मनाने सरळ होत्या. त्यांनी त्याला नि त्याच्या बायकोला समोर बसवून सांगितलं, की याच्या हृदयाला मधेच ताल सोडायची खोड आहे. पुन्हा ताल सुटला तर हे यंत्र आतून झटका देऊन त्याला वाटेवर आणेल. पण झटका बसायच्या आधी क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, माणूस बेशुद्ध पडू शकतो. घरात असलात तर अंथरुणावर पडाल.

पुढचं त्या बोलल्या नाहीत. गाडीवाल्यानेच विचारलं, "आणि गाडी?"

"मोटारसायकल सहा महिन्यांनी. तोवर एकही झटका आला नाही तर."

"मी दुधाच्या गाडीचं विचारतोय."

"ती नाही. सहा महिन्यांनीही नाही. माल वाहायची, पोटासाठी चालवायची गाडी तुम्हाला आता कायमची बंद."

बाईंनी आणखीही बरंच सांगितलं. डावा हात काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, चालू इंजिनावर ओणवं व्हायचं नाही, फोन उजव्या कानाला लावायचा. ते सगळं बायकोने ऐकलं. गाडीवाला समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता. त्याचा डावा पाय जमिनीवर आपोआप दाबला जात होता, क्लचवर असल्यासारखा.

घरी आल्यावर भेटायला माणसं आली. सगळ्यांनी जखम बघितली आणि सगळ्यांनी तेच सांगितलं, की डॉक्टर मंडळी आपली जबाबदारी झटकायला असं बोलतात. मेहुणा तर म्हणाला, की खिंडीत कोण बसलंय तपासायला? सावकाश चालव, जोर लावू नकोस, झालं. आई म्हणाली, माझा सासरा दोनदा चक्कर येऊन पडला तरी शेवटपर्यंत नांगर धरत होता.

गाडीवाला कुणाशी वाद घालत नव्हता. पण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती. केंद्राच्या अलीकडे एक उतार आहे. उताराच्या तळाशी शाळा. तो पडला त्या दिवशी पोरं प्रार्थनेसाठी फाटकातून आत जात होती. कडेकडेने चालणारी एक ओळ त्याने आरशात मागे पडताना बघितली होती. त्यानंतर किती वेळाने तो पडला? तंबाखू मळायला लागतो तेवढाच वेळ मधे गेला असेल. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. फक्त गाडीची चावी काढून बायकोच्या हातात दिली आणि म्हणाला, "माझ्या हाताला लागेल अशा जागी ठेवू नकोस."

बदली ड्रायव्हर ठेवावा लागला. तो मिळाला तो एक टोपीवाला पोरगेला गडी. गाणी मोठ्याने लावायचा, उशिरा उठायचा आणि क्लचवर पाय ठेवूनच गाडी हाकायचा. जळक्या क्लचचा वास गाडी दारात आली की घरभर पसरायचा, आणि गाडीवाला ओट्यावर बसून तो वास असा घ्यायचा की जणू त्याचीच कातडी करपत होती. वरच्या वाडीचा रस्ता वाईट, म्हणून टोपीवाला ती वाडीच गाळू लागला. त्या वाडीतली माणसं कॅन घेऊन उभी राहायची आणि ऊन डोक्यावर आलं की कॅन घेऊन परत जायची. दूध कुणी वासरांना पाजलं, कुणी शेजारी वाटलं, उरलं ते ओतून दिलं.

वरच्या वाडीत एक पैलवान होता. आता म्हातारा झालेला, पण मान अजून तशीच बैलासारखी. तो एक दिवस चालत खाली आला. गाडीवाल्याला वाटलं, हा आता भांडणार. पण पैलवान ओट्यावर बसला, पाणी प्यायला, गाडीवाल्याच्या छातीकडे बराच वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाला, की तू हॉर्न वाजवायचास तेव्हा माझी म्हैस पान्हा सोडायची. आता तिलाही सवय मोडावी लागतेय. मग उठून गेला. भांडला असता तर गाडीवाल्याला बरं वाटलं असतं.

काम शोधायला तो हिंडलाही. गाड्यांचं त्याला अंगातलं ज्ञान होतं, म्हणून वेल्डिंगचं दुकान चालवणाऱ्या मित्राकडे गेला. मित्राने आनंदाने ये म्हटलं. पण गाडीवाल्याने डॉक्टरीण बाईंना फोन करून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, वेल्डिंगच्या जवळपासही फिरकू नका, त्या विजेने यंत्र बहकू शकतं. मग मित्र ठिणग्या पाडायला लागला की गाडीवाला दुकानाबाहेर जाऊन उभा राहायचा, संपलं की आत. दिवसभर हे आत-बाहेर चाललं. संध्याकाळी मित्राने तोंड पाडून सांगितलं, की राजा, मला तुझ्याकडे लक्ष ठेवावं की कामाकडे, तेच कळत नाही. गाडीवाला हसला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि चालत घरी आला. वाटेत ओळखीच्या दोन मोटारसायकली थांबल्या. दोन्ही वेळा त्याने चालायची हौस असल्याचं सांगितलं.

त्याच आठवड्यात बायको गोठ्यात धार काढत होती, तो दाराशी उभा होता. तिने मान वर न करता विचारलं, "मला येईल का?"

"काय?"

"गाडी."

त्याला आधी हसू आलं, मग ती हसत नाही हे दिसलं. ती गुरांत वाढलेली बाई. अंगाने किडकिडीत, पण माजावर आलेल्या गाईला एकटी दाव्याने धरून उभी राहणारी. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या गाडीत मागे कॅनांशेजारी बसली होती, बाजाराला, दवाखान्याला, माहेरी. आणि मागून काचेतून त्याचे हात बघत होती. हे तिने कधी सांगितलं नव्हतं, आणि त्याने कधी विचारलं नव्हतं.

आईने ऐकलं तेव्हा ती म्हणाली, की आता नवरा घरात आणि बायको रस्त्यावर, एवढंच बघायचं राहिलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून तिनेच दोन्ही गाई पिळल्या, म्हणजे सुनेला वेळ मिळावा. बोलणं एक आणि हात दुसरे, अशी ती म्हातारी होती.

वाडीखालचं तळं आटलं होतं. त्याच्या भेगाळलेल्या पात्रात शिकवणी सुरू झाली. टोपीवाल्याची फेरी झाली की दुपारची गाडी मोकळी असायची. गाडीवाला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गाडीत डावीकडे बसला. तिथून सगळंच वेगळं दिसत होतं. समोरचं बोनेट वाकडं, रस्ता अंगावर येणारा, आणि पायाखाली काहीच नाही. तो ओरडायचा. क्लच सोड म्हणून ओरडायचा, सोडला की एवढ्या पटकन का सोडलास म्हणून ओरडायचा. पहिल्याच दिवशी बायकोने मधेच चावी फिरवून गाडी बंद केली आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसली.

"काय झालं?"

"तुम्ही ओरडलात की मी गाडी बंद करणार. म्हशीवर ओरडलं तर तीही दूध चोरते."

असं तिने बऱ्याचदा केलं. भर उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली, घाम गाळत दोघं गप्प बसून राहायची. शेवटी तो हळू बोलायला शिकला आणि ती गाडी चालवायला शिकली. कोण आधी शिकलं ते सांगणं कठीण आहे. परवान्याच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली, कारण मागे घेताना तिने खांब पाडला. दुसऱ्या खेपेला तिने खांबांच्या मधून गाडी अशी मागे आणली की परीक्षा घेणाऱ्याने विचारलं, कुठे शिकलात? ती म्हणाली, तळ्यात. त्याला ती थट्टा वाटली.

टोपीवाल्याला शहरात नोकरी लागली आणि तो सांगून नव्हे, निरोप पाठवून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे वाड्यांनी पाहिलं, की गाडीवाल्याची बायको उजवीकडे बसली आहे आणि गाडीवाला माप हातात घेऊन डावीकडून उतरतो आहे.

माणसं चांगली असली तरी तोंडाला कुलूप नसतं. खालच्या वाडीतल्या पारावर त्याला नवं नाव पडलं, बायकोचा क्लीनर. पोरंही म्हणायला लागली. ज्या माणसाचा हॉर्न ऐकून लोक धावायचे, त्याला आता कुणीही हाक मारून म्हणायचं, क्लीनर, माप नीट धर. जड भरलेले कॅन डाव्या हाताने उचलणं त्याला अजून झेपत नव्हतं, म्हणून बायाच कॅन वर चढवायच्या आणि तो उजव्या हाताने ओढून घ्यायचा. एका बाईने कीव येऊन म्हटलं, भाऊ तुम्ही बसा, आम्ही करतो. ते क्लीनरपेक्षा जास्त लागलं. तरी त्याने माप सोडलं नाही. दूध हुंगून बघायचं, ढवळायचं, मोजायचं, झाकण घट्ट दाबायचं, कॅन फडक्याने पुसून सावलीच्या बाजूला लावायचा, ओलं पोतं वर टाकायचं. टोपीवाल्याच्या हाताखाली जे कॅन चिकट झाले होते ते पुन्हा लख्ख दिसू लागले.

डावीकडच्या सीटचा पट्टा डाव्या खांद्यावरून यायचा, बरोबर जखमेवरून. खड्ड्यात गाडी आदळली की पट्टा यंत्रावर कचकन बसायचा. पट्टा अंगठ्याने उचलून धरायची त्याला सवय लागली. बायकोने जुन्या गोधडीचा तुकडा कापून, आत कापूस भरून, पट्ट्यावर बसेल अशी गादी शिवली. त्यावरूनही लोक हसले. तिने ती गादी धुवायला लागेल म्हणून आणखी एक शिवून ठेवली.

उन्हाळा भरात आला. सकाळीच रस्त्यावरची माती पायाला चटका द्यायची. एक दिवस खालच्या वाडीत कुणाची तरी म्हैस अडली होती, तिथे उशीर झाला. पुढे प्रत्येक वाडीत तो उशीर वाढत गेला. सगळं दूध भरून गाडी खिंडीच्या चढाला लागली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. चढावर शेवटचं एक वळण आहे, आत कलतं, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खाली तोच रस्ता, नागमोडी. त्या वळणावर समोरून बस आली. बायकोने गाडी थांबवून बसला वाट दिली. बस गेली. आणि गाडी निघेना.

तिने हँडब्रेक सोडला, गाडी मागे सरकली. घाबरून ब्रेक दाबला, इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा मागे, पुन्हा बंद. मागे भाजीचा ट्रक येऊन थांबला होता. गाडीवाल्याने उतरून मागच्या चाकांना दगड लावले. तळ्यात चढ नव्हता. एवढ्या ओझ्याने एवढ्या चढावर गाडी उठवणं तिला शिकवायचं राहून गेलं होतं. शिकवणार तरी कुठे होता तो?

भाजीच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला. जुना माणूस, गाडीवाल्याच्या बरोबरीचा, दोघांनी या खिंडीत एकमेकांना वर्षानुवर्षं हात केलेला. मागे आणखी दोन मोटारसायकली थांबल्या. एकजण म्हणाला की दादा, तुम्ही का नाही बसत? दुसरा म्हणाला, वळण पार करून द्या, मग वहिनी घेतील. ट्रकवाला खालच्या आवाजात म्हणाला, "अरे, हाताएवढं अंतर आहे. दूध जाईल सगळ्यांचं."

हे सगळं त्याला झेपलं असतं. पण बायकोने खिडकीतून तोंड बाहेर काढलं. तिचा चेहरा घामाने आणि रडण्याने एकच झाला होता. ती म्हणाली, "अहो, एवढंच घ्या. मी पुन्हा म्हणणार नाही."

तो उजव्या दाराशी गेला. दार उघडलं. ती सरकली. आतून तापलेल्या रेक्झिनचा, डिझेलचा ओळखीचा वास आला. त्याचा हात स्टेअरिंगवर गेला, आणि हाताला ते असं लागलं जसं घरी परतलेल्या माणसाला दाराची चौकट लागते. एक पाय त्याने वर ठेवलाही. त्याला माहीत होतं, एका दमात गाडी उठेल. त्याच्या पायांना झोपेतही ते आलं असतं.

मग त्याने खाली बघितलं. खालच्या वळणावरून बाया डोक्यावर चाऱ्याचे भारे घेऊन वर येत होत्या. एकीमागून एक, कडेकडेने.

त्याने पाय खाली घेतला.

"नाही," तो म्हणाला. बायकोला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मला अंधारी येणार हे आधी कळत नाही. त्या दिवशीही कळलं नव्हतं. गाडी बंद करून उतरलो म्हणून मी एकटाच पडलो. आधी पडलो असतो तर शाळेतली पोरं होती. हे मी तुला सांगितलं नव्हतं. तुला काय होतंय ते तुला कळतं, गाडी मागे जाते ते कळतं, भीती वाटते ते कळतं. तेवढं पुरे आहे. सरक इकडे."

ट्रकवाल्याने मागे जाऊन आपल्या ट्रकचा हॉर्न वाजवणाऱ्या पोराला गप्प केलं. गाडीवाला खिडकीशी उभा राहिला आणि तळ्यात शिकलेल्या त्या हळू आवाजात सांगू लागला. हँडब्रेक वर राहू दे. दगड आहेत, गाडी कुठे जात नाही. पहिला टाक. रेस दे, आणखी दे, रडू दे तिला. आता क्लच हळू वर. थांब. बोनेट उचललं बघ. गाडी ओढ घेतेय, दाव्याला हिसका देणाऱ्या वासरासारखी. तिथेच पाय धर. आता हँडब्रेक सोड. आणि खिंडीच्या माथ्यापर्यंत काही झालं तरी थांबायचं नाही.

गाडी थरथरली, धुराचा लोट सोडला आणि दगडांना मागे टाकून पुढे गेली. वळण संपलं, चढ संपला, आणि ती थांबली नाही. सांगितलं होतं तसंच तिने केलं. गाडीवाला मात्र रस्त्यातच राहिला, पट्टा सोडताना निघालेली गोधडीची गादी काखेत घेऊन. ट्रकवाला खोखो हसला. मग दार उघडून म्हणाला, या, तुमच्या मालकीणबाई पुढे गेल्या.

केंद्रावर बहुतेक कॅन घेतले गेले. वरच्या वाडीतले दोन परत आले, पैलवानाचे. दूध फुटलं होतं. ते दोन कॅन परत नेऊन त्याच्या दारात ठेवायचे, हे त्या दिवसाचं सगळ्यात जड काम होतं. गाडीवाला ते स्वतः घेऊन गेला. पैलवानाने झाकण उघडून बघितलं आणि विचारलं, वळणावर काय झालं ते खरं का? बातमी आधीच पोचली होती. गाडीवाल्याने मान हलवली. पैलवानाने झाकण परत दाबून बसवलं. मग म्हणाला, की त्या चाऱ्याच्या भाऱ्यांत माझी सूनही होती.

दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीत गाडी पोचली तेव्हा सगळे कॅन पुरतं उजाडायच्या आधीपासून भरून रस्त्यावर तयार होते. पैलवानाने घरोघर फिरून सगळ्यांना लवकर उठवलं होतं. गाडीने आधी वरची वाडी घ्यावी, मग खाली येऊन बाकीच्या, असंही काहीजण म्हणाले, पण खिंडीसाठी पुन्हा वर चढावं लागलं असतं, ते जमणारं नव्हतं. तेव्हा सगळ्याच वाड्यांनी धारा लवकर काढायचं आणि गाडीने अंधारातच निघायचं ठरलं. दूध संस्थेचे सेक्रेटरी गाडी बदलायचं मनात घेऊन आले होते. त्यांनी वाड्यांचं ऐकून घेतलं, उन्हाळा संपेपर्यंत बघू म्हणाले, आणि उन्हाळा संपला तेव्हा त्या विषयावर पुन्हा कुणी बोललं नाही.

पारावर तो अजूनही क्लीनरच होता. पण आता म्हणणाऱ्याच्या आवाजात वेगळं काही असायचं.

पावसाळा निम्मा सरला. सहा महिने भरत आले होते. गाडीवाल्याने गोठ्याच्या कोपऱ्यातली मोटारसायकल बाहेर काढून पुसली, चाकांत हवा भरून आणली. रोज सकाळी परत आल्यावर तो तिच्यावर नुसता बसायचा. आई हसायची. एकटं कुठेतरी जाता येणं, एवढंच त्याला हवं होतं. बाजारापर्यंत. वेल्डिंगवाल्या मित्रापर्यंत. कुणाला विचारल्याशिवाय.

आणि एका सकाळी खिंड ओलांडून गाडी उतरत असताना, पैलवानाच्या म्हशीची काहीतरी गंमत सांगता सांगता, त्याचं वाक्य मधेच तुटलं. डोळ्यांपुढचा रस्ता बारीक होत होत काळ्या ठिपक्याएवढा झाला. मग छातीत आतून लाथ बसली. बैलाने मारावी तशी, पण आतून. तो शुद्धीवर आला तेव्हा गाडी कडेला उभी होती, पावसाची भुरभुर काचेवर होती आणि बायको त्याच्या बाजूचं दार उघडून, पट्टा सोडवून, त्याच्या गालावर हात ठेवून उभी होती. तिचे हात चिखलाने माखलेले होते.

"चिखल कसला?" त्याने विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"चाकांना दगड लावले."

"आधी?"

"आधी दगड. मग तुम्ही. उतार आहे." तिने पट्टा बाजूला सारला. "कॅन सगळे जागेवर आहेत."

दूध केंद्रावर देऊन, त्याच गाडीने, ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीण बाईंनी यंत्र तपासलं. म्हणाल्या, यंत्राने आपलं काम चोख केलं, नाहीतर आज आपण बोलत नसतो. एक गोळी वाढवली. मग गाडीवाल्याने विचारायच्या आधीच त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं, की मोटारसायकलचे सहा महिने आजपासून पुन्हा पहिल्यापासून. त्यांनाही ते सांगताना बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं.

तो बरं म्हणाला. बाहेर येऊन बाकावर बसला. बायको औषधं घेऊन आली तेव्हा तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडे बघत होता. ती शेजारी बसली. तो म्हणाला, "मी चालवत असतो तर."

"नव्हतात ना."

"नव्हतो."

"मग चला. आई वाट बघत असतील."

परतीच्या वाटेवर पाऊस थांबला होता. कॅन रिकामे असले की या गाडीचा खडखडाट फार. तो डावीकडे बसला, तिने त्याच्या खांद्यावरची गादी नीट केली आणि गाडी काढली. ट्रकच्या मागे ती धीराने राहिली, घाई केली नाही. खड्डा आला की आधीच वेग कमी करायची, एक चाक कडेने काढायची. चढाला लागताना गिअर पडला तो कळलाही नाही.

गाडीवाल्याला जाग आली तेव्हा खडखडाट नव्हता. आपण झोपलो होतो हे कळायलाच त्याला थोडा वेळ लागला. ड्रायव्हर झाल्यापासून दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत त्याचा डोळा कधी लागला नव्हता. बसमध्ये नाही, सासऱ्याच्या बैलगाडीत नाही, सख्ख्या भावाच्या जीपमध्येसुद्धा नाही. परका पाय ब्रेकवर असला की त्याचं सगळं अंग जागं राहायचं. आणि आज खिंड, सगळी वळणं, सगळ्या वाड्या मागे गेल्या होत्या आणि त्याला पत्ता नव्हता.

गाडी त्यांच्याच अंगणात उभी होती. इंजिन बंद. ऊन कलून गोठ्याच्या भिंतीवर गेलं होतं. आई ओट्यावर बसली होती, ओठांवर बोट ठेवून, कारण शेजारीण काहीतरी विचारायला आली होती. आणि उजवीकडच्या सीटवर बायको तशीच बसली होती, हात मांडीवर, दार उघडलं तर आवाज होईल म्हणून न उतरता.

"कधी आलो?"

"झाला थोडा वेळ."

"उठवायचं नाही?"

तिने पाठ ताठ करून आळस दिला, बोटं मोडली. तिच्या नखांत सकाळचा चिखल तसाच होता.

गाडीवाल्याने पट्टा सोडला, आपल्या बाजूने उतरला, मागे जाऊन फाळक्याची दोरी सोडली. आई म्हणाली, अरे आज राहू दे, मी धुते. तो म्हणाला, वास धरतील. आणि उजव्या हाताने एकेक रिकामा कॅन खाली उतरवून हौदाशी नेऊन ठेवायला लागला.